चार ओळींचा फासा

मला फक्त फासा टाकायचा होता. एक ते सहा यांतला कुठलातरी आकडा पडद्यावर यावा, एवढंच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे मागणं. प्रोग्रॅम चार ओळींचा. लिहायला पाच मिनिटं लागली, चालवायला अख्खा शनिवार गेला.

प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरच्या कोपऱ्यात तो चालवायचा त्रिकोण असतो. तो त्रिकोण दाबला असता तर निदान निम्मा दिवस वाचला असता. पण भाचा म्हणाला, "मामा, टर्मिनलमधून चालव, म्हणजे समजेल." टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करून संगणकाला कामाला लावायची खिडकी. समजलं.

पहिलाच हुकूम सोडला, तर उत्तर आलं : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. अरे, फाइल वरच्या अर्ध्या पडद्यावर ढळढळीत उघडी आहे! पण टर्मिनल स्वतः ज्या फोल्डरमध्ये उभं असतं तेवढंच बघतं, शेजारी डोकावत नाही. सीडी, म्हणजे फोल्डर बदलायचा हुकूम, करत करत मुक्कामी पोचलो आणि उत्साहाच्या भरात नुसतंच 'पायथन' टाइप करून एंटर मारलं. समोर तीन बाण, म्हणजे पायथनच सुरू होऊन हुकमाची वाट बघत बसलेला. त्यांच्यापुढे पुन्हा 'पायथन' आणि फाइलचं नाव लिहिलं, तर सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक. म्हणजे मी घरात शिरून आतून दार ठोठावत होतो. बाहेर पडायला 'एक्झिट' लिहिलं, तर म्हणे एक्झिटपुढे कंस लावा. माझ्या मनातलं ओळखलंस ना बाबा, मग सोड की! (२०२४ साली आलेल्या ३.१३ आवृत्तीत कंसाविना सोडतात. माझी त्याहून जुनी.)

मग प्रोग्रॅम चालला. म्हणजे एररही नाही आणि आकडाही नाही. अर्ध्या तासाने टॅबवरचा पांढरा ठिपका दिसला, फाइल सेव्ह नसल्याची खूण. फाइलला नाव दिलं तेव्हा ती रिकामी होती, नंतरच्या चारही ओळी सेव्ह करायच्याच राहिल्या होत्या. रिकामी फाइल पायथन मोठ्या आज्ञाधारकपणे चालवतो.

सेव्ह केली, आणि मग खरी मौज. रँडम मॉड्यूलमध्ये, म्हणजे कुठलेही आकडे काढून देणाऱ्या पायथनच्या तयार सामानात, म्हणे आकडा निवडणारा 'रँडइंट' नाहीच! जगभरचे लोक जे वापरतात ते फक्त माझ्याकडे नाही? संध्याकाळी भाच्याने एक नजर टाकली आणि तो हसतच सुटला. मी फाइलचंच नाव ठेवलं होतं रँडम डॉट पीवाय. 'इम्पोर्ट रँडम', म्हणजे ते सामान आण, म्हटलं की पायथन आधी त्या फाइलच्याच फोल्डरमध्ये शोधतो, स्वतःच्या लायब्ररीत नंतर जातो. म्हणजे माझी फाइल स्वतःलाच हाक मारत होती आणि स्वतःकडेच रँडइंट मागत होती.

'सेव्ह अ‍ॅज' करून नाव बदललं. तोच एरर. कारण जुनी फाइल तिथेच ठाण मांडून होती.

१९९१ मध्ये ही भाषा लोकांसमोर आणणाऱ्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी तिचं नाव सापावरून नव्हे, एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलं, हे मला ठाऊक होतं. हसायचं कुणाला, ते त्या संध्याकाळी कळलं.

जुनी फाइल उडवली. पडद्यावर आकडा उमटला : ४. मी जवळजवळ ओरडलोच. पुन्हा चालवला. ४. तिसऱ्यांदा. ४.

"होतं असं मामा, छत्तिसात एकदा," भाचा म्हणाला.

मी टॅबवर ठिपका आहे का ते बघत होतो.