निपाणीच्या वाचकाला उत्तर: 'ग्राफीन'चा डबा आणि पाच मिनिटांचं चार्जिंग

निपाणीकर दादा, नमस्कार.

नव्या बॅटऱ्यांच्या जाहिरातींवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. शिसाच्या बॅटऱ्या विकून पोट भरणारा माणूस नव्याला नावं ठेवणारच. सॉलिड स्टेट बॅटरी (आत द्रवाऐवजी घन थर असलेली) आणि सुपरकपॅसिटर (रासायनिक क्रियेशिवाय वीज साठवणारा) दाराशी आलेत, पाच मिनिटांत चार्ज होऊन हजार किलोमीटर पळतील. तेव्हा तुमच्या धाकट्या भावाने इलेक्ट्रिक गाडी घेणं दोन वर्षं लांबवलं, हे शहाणपणाचंच झालं.

धंद्याचं आधी बोलतो. बेळगावच्या उद्यमबागेत माझं दुकान आहे, इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या मी विकतो, हे खरं. पण हिशेब उलटा आहे. तुमचा भाऊ दोन वर्षं थांबला तर तोवर पेट्रोलची गाडीच चालवणार ना? तिच्या स्टार्टरला शिसाचीच बॅटरी लागते. लोक थांबले तर माझा गल्ला भरतो. तरीही मी थांबू नका म्हणतोय, ते एका अनुभवामुळे.

मागे एकाने मला इलेक्ट्रिक स्कूटरसाठी 'ग्राफीन बॅटरी' (ग्राफीन म्हणजे कार्बनचा अतिपातळ थर) म्हणून पाच-पाच नगांचे दोन सेट दिले. बारा व्होल्ट, बत्तीस अँपिअर-तास. लिथियमपेक्षा नवी, दुप्पट टिकणार, असं सांगून पैसे आगाऊ घेतले. नग हातात घेतला तेव्हाच वजनावरून मनगटाला कळलं, हे शिसं आहे. काट्यावर ठेवला, दहा किलोच्या पुढे-मागे. वर्षभरात सहा नग परत आले. त्यातला एक मी टेबलावर घेऊन झाकण काढलं. खाली सहा रबरी टोप्या, त्याखाली तपकिरी प्लेट, राखाडी प्लेट आणि मधे काचतंतूंची पांढरी, ओली गादी. शिसं आणि गंधकाम्ल. मसाल्यात चिमूटभर कार्बन घातला असेल तर असेल. बारा गुणिले बत्तीस म्हणजे 384 वॉट-तास, भागिले दहा किलो, म्हणजे किलोला 38. माझ्या वडिलांच्या काळातली बॅटरीही तेवढीच साठवायची. ज्या ग्राहकांना मी माझ्या तोंडाने 'नवं तंत्रज्ञान' म्हणून सांगितलं होतं, त्यांना पैसे परत देताना मान वर होत नव्हती. तेव्हापासून कुठल्याही नव्या बॅटरीबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो, किलोला किती? मग पुढचे. किती वेळा भरून रिकामी होते, मे महिन्याच्या उन्हात काय होतं, आणि किंमत काय? ही चारही उत्तरं एकाच नगाची हवीत. डेमोत नेहमी त्यातलं एकच दाखवतात.

आता तुमचा सुपरकपॅसिटर. तो झटकन भरतो, लाखो वेळा भरतो, यात वाद नाही. शांघायमध्ये 2006 पासून थांब्यावर उभी राहून चार्ज होणारी बस त्याच्यावरच धावली. पण बाजारात मिळणारा कपॅसिटर किलोला पाच ते दहा वॉट-तास साठवतो. एका गाडीपुरती चाळीस युनिट (युनिट म्हणजे हजार वॉट-तास) साठवायला किलोला आठच्या हिशेबाने पाच टन माल लागेल. बसला दर थांब्यावर भरता येतं, तुमच्या भावाला संकेश्वरच्या वाटेवर ते कोण देणार?

हा अडथळा आम्ही ओलांडला, असं अमेरिकेतल्या टेक्सासच्या ईस्टोर नावाच्या कंपनीने ठासून सांगितलं होतं. बेरियम टायटानेट या सिरॅमिकचा कपॅसिटर, 52 युनिट साठवणारा, मिनिटांत भरणारा. कॅनडाच्या झेन मोटर या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने त्यात पैसे घातले आणि त्यावर चालणारी गाडी 2009 मध्ये आणू म्हणून जाहीर केलं. गाडी आली नाही. पेटंट होतं, मोठमोठी नावं जोडलेली होती, फक्त बाहेरच्या माणसाला तपासायला नग मिळत नव्हता. मला ही गोष्ट वाचताना माझा दहा किलोचा डबा आठवतो.

सॉलिड स्टेटला मी त्या पंक्तीला बसवत नाही, ते खरं विज्ञान आहे. अडचणही खरी आहे. चार्ज होताना लिथियमचे बारीक काटे वाढतात आणि घन थरातल्या सूक्ष्म भेगांतून पलीकडे जातात, मग सेल शॉर्ट होतो. शिवाय आतला थर फुगतो-आक्रसतो, त्यामुळे सेल दाबून धरावा लागतो. टोयोटाने 2017 मध्ये 2020 नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा वायदा केला होता, 2023 मध्ये तो 2027-28 वर गेला. तिथले अभियंते आळशी नाहीत, काम अवघड आहे. पण भावाने त्या तारखेवर आपला संसार का बांधावा?

पाच मिनिटांचाही हिशेब करू. चाळीस युनिट पाच मिनिटांत भरायची तर 480 किलोवॉट लागतात. म्हणजे दहा हॉर्सपॉवरचे चौसष्ट पंप एकदम सुरू केल्यासारखं. रायबाग-चिकोडीकडे उसाला पाणी पाजणाऱ्या कुणालाही विचारा, एका ट्रान्सफॉर्मरवर किती पंप उचलतात ते. बॅटरी उद्या मिळाली तरी तार आणि ट्रान्सफॉर्मर हवेतच. तुम्ही म्हणाल, चीनमध्ये बीवायडी या गाड्यांच्या कंपनीने मार्च 2025 मध्ये एक मेगावॉटचं चार्जिंग दाखवलं, पाच मिनिटांत चारशे किलोमीटर. दाखवलं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ती बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची आहे, आणि तो माल अमेरिकेतले बॅटरी-शास्त्रज्ञ प्रा. गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात सापडलेला. जादूचा डबा तिथेही नव्हता. जुन्याच रसायनावर पंचवीस वर्षं घासून केलेलं ते काम आहे.

इथे माझी चूक कबूल करतो. हे फॉस्फेटचे सेल आपल्याकडे रिक्षात आले तेव्हा आपल्या उन्हात ते टिकायचे नाहीत, असं मी चार लोकांत बोललो होतो. टिकले. आज माझ्या टेबलावर अशा पॅकची कामं येतात तेव्हा बहुतेक वेळा सोळापैकी पंधरा सेल 3.3 व्होल्टला असतात आणि एकच मेलेला, किंवा नुसता बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) गेलेला असतो. भावही बघा. 2010 मध्ये लिथियम पॅक साठवणुकीच्या दर युनिटला हजार डॉलरच्या वर होता, 2024 मध्ये सरासरी 115 वर आला. हे तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्याची घोषणा कुणी केली नव्हती.

म्हणून भावाबद्दल बोलतो. तुम्हीच लिहिलंय की तो रोज निपाणी-संकेश्वर ये-जा करतो आणि वर्षातून दोनदा गोव्याला जातो. रोजचं अंतर पन्नासच्या आसपास, रात्री घरच्या सॉकेटवर भरून निघतं. गोव्याहून चोर्ल्याचा घाट चढताना बॅटरी संपेल ही त्याची भीती. दीड टनाची गाडी समुद्रसपाटीपासून आठशे मीटर वर न्यायला सव्वातीन युनिट लागतात, मोटरमधली घट धरून चार धरा. गोव्याला जाताना हाच घाट उतरतो तेव्हा त्यातलं बरंचसं परत बॅटरीत येतं. चाळीस युनिटच्या आजच्या गाडीला हा घाट जड नाही, फक्त पणजीत रात्रभर लावून ठेवायची.

तुम्ही रविवार सोडून कधीही भावाला घेऊन या. तो उघडलेला डबा अजून ठेवलाय, आणि शेजारी फॉस्फेटचा एक सेल. दोन्ही हातात घेऊन बघा, काटा तिथेच आहे.