खुलासा : माजी सैनिकाला नोकरी 'थेट' मिळत नाही

'डिस्चार्ज बुक (लष्करी सेवेतून मुक्त झाल्याचं पुस्तक) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, परीक्षेशिवाय सरकारी नोकरी मिळेल आणि वयाची अटच नाही,' असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

त्या कार्यालयात नावनोंदणी होते, नेमणूक नाही. केंद्राच्या गट 'क' सरळसेवा भरतीत माजी सैनिकांना १० टक्के जागा राखीव असतात. पण जाहिरात बघून अर्ज करावाच लागतो आणि परीक्षाही द्यावी लागते.

वयाची अट आहे, फक्त हिशेब वेगळा. खऱ्या वयातून लष्करी सेवेची वर्षं वजा करायची. उरलेलं वय कमाल मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नको. वय ४२, सेवा १७, म्हणजे उरले २५. मर्यादा २७ असेल तर आरामात बसतं.

खरी गफलत पुढेच होते. आरक्षणातून एकदा नागरी नोकरीत रुजू झालात की केंद्राच्या पुढच्या भरतीसाठी हे आरक्षण संपतं. अपवाद एकच : रुजू होण्याआधी इतरत्र केलेल्या अर्जांची तारीखवार यादी रुजू होताच नव्या कार्यालयाला लेखी द्यायची. हा कागद बहुतेक जण विसरतात. निवृत्तीला वर्ष उरलं असतानाही अर्ज करता येतो, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं.

अग्निवीरांना हे नियम जसेच्या तसे लावू नका. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना सेवा निधी (एकरकमी पैसे) मिळतो, पेन्शन नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.