पैसा केंद्राचा, हिशेब गावासमोर

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो. माझा मावसभाऊ साताऱ्याकडे पोलीस हवालदार आहे. अमेरिकेतल्या पोलिसांचे व्हिडिओ पाहिले की तो फोनवर म्हणतो, "दादा, तुमच्याकडं सरकार पोलिसाला सगळं पुरवतं. आमच्याकडं बंदोबस्ताला निघताना धड हेल्मेट शोधण्यापासून सुरुवात."

त्याचं दुखणं खरं आहे. २६/११च्या रात्री आपले पोलीस जुन्या रायफली घेऊन एके-४७ समोर उभे राहिले. तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर फक्त काठी होती. पण पैसाच नव्हता, असं म्हणून विषय संपत नाही. पोलीस हा राज्यांचा विषय असला तरी केंद्राची आधुनिकीकरण योजना १९६९-७० पासून चालू आहे. २०२१ ते २०२६ साठी २६,२७५ कोटी रुपये मंजूर झाले, त्यातला मोठा वाटा जम्मू-काश्मीर, ईशान्य आणि नक्षलग्रस्त भागाचा. शिवाय जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गाड्या येतात, पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. त्या गाड्याच का घेतल्या, हे आधी कुणाला विचारलं होतं? माझा आक्षेप इथे आहे.

अमेरिकेत सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत, बहुतेक गावांच्या आणि शहरांच्या. त्यांना मिळणारं केंद्राचं एक मोठं अनुदान एडवर्ड बर्न यांच्या नावाने आहे. न्यूयॉर्कचा हा २२ वर्षांचा पोलीस १९८८ मध्ये एका साक्षीदाराच्या घरावर पहारा देताना मारला गेला. लोकसंख्या आणि हिंसक गुन्हे यांवरून या अनुदानातला वाटा ठरतो. उपकरणं, प्रशिक्षण, कर्मचारी अशा अनेक गोष्टींवर तो खर्च करता येतो. मला त्यातली एक अट सगळ्यात मोलाची वाटते. अर्ज पाठवण्याच्या किमान ३० दिवस आधी तो स्थानिक लोकप्रतिनिधींच्या सभेपुढे ठेवावा लागतो आणि नागरिकांना मत मांडायची संधी द्यावी लागते.

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सभेत बुलेटप्रूफ जॅकेटांचा विषय आला होता. त्यासाठी केंद्राची वेगळी योजना आहे. ती जास्तीत जास्त निम्मी किंमत देते, पण गणवेशातल्या पोलिसाने जॅकेट घातलंच पाहिजे असा लेखी नियम ठाण्याकडे असावा लागतो. एक निवृत्त शिक्षिका माइकपाशी आल्या. महिला पोलिसांसाठी त्यांच्या मापाची जॅकेटं घेणार का? पाच वर्षांनी ती बदलायची वेळ आली की पैसे कुठून आणणार? पोलीसप्रमुखांनी कागद चाळून पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं त्यांच्याकडे नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं आणि पुढच्या सभेला आकडे घेऊन आले.

असे प्रश्न कुणी विचारले नाहीत की काय होतं, तेही अमेरिकेतच दिसलं. लष्कराकडची जादा सामग्री स्थानिक पोलिसांना देणारी एक योजना आहे. मिळालेली वस्तू वर्षाच्या आत वापरात आणायची, अशी तिची अट. युद्धासाठी बनवलेली चिलखती वाहनं अशा रीतीने छोट्या गावांत पोहोचली. २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन या छोट्या शहरात पोलिसाच्या गोळीने एक तरुण मारला गेला, तेव्हा निदर्शकांसमोर चिलखती गाड्या आणि रोखलेल्या बंदुका साऱ्या जगाने पाहिल्या. ओबामांनी २०१५ मध्ये निर्बंध घातले, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ते उठवले. वॉशिंग्टनचं धोरण असं फिरत राहिलं. न्यू जर्सीने मात्र २०१५ मध्येच असं सामान घेण्याआधी स्थानिक सभेची मंजुरी लागेल, असा कायदा केला. मला तो शहाणपणाचा वाटतो.

म्हणून भावाला मी सांगतो, तुझी मागणी हेल्मेटापुरती ठेवू नकोस. पोलीस खरेदीची यादी जिल्हा नियोजन समितीत मंजूर होण्याआधी महिनाभर ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या फलकावर लागू दे. किती जॅकेटं, कोणत्या मापाची, दंगल हाताळण्याचं प्रशिक्षण किती जणांना, गाडीच्या डिझेलची तरतूद आहे की नाही. शस्त्रांचा साठा आणि पाळत ठेवण्याची साधनं गुप्त राहिली तर माझी हरकत नाही. पण हवालदाराच्या डोक्यावरचं हेल्मेट हे गुपित नाही, आणि ते कधी येणार हे विचारायचा पहिला हक्क ते घालणाऱ्याचा आहे.