टर्नटेबलला लेथची लेव्हल कशाला?

सांगली-मिरज-कोल्हापूरकडच्या रेकॉर्डवाल्यांच्या मोबाईलवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, एक सूत जरी कलला तरी सुई खाचेची एकच बाजू खाते आणि रेकॉर्ड बाद होते. मोबाईलचं अ‍ॅप, गोल पाणसळ, गवंड्याची लेव्हल यांच्या नादाला लागू नका. मशीन बसवायला वापरतात ती, मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी, प्रमाणपत्राची लेव्हल घ्या. ती प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर, मधोमध ठेवा, बुडबुडा मधोमध आला की काम फत्ते. पुन्हा आयुष्यात बघायला नको.

टर्नटेबल समतल हवा, एवढं यातलं खरं आहे. बाकीचं एकेक घेऊ.

आधी ते सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. एलपीचा व्यास 300 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सूत उतार हा साधारण एक टक्का, अंशात सांगायचं तर 0.6 अंश. आता नेहमीचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, मागच्या वजनाने तोललेला असतो, न तोललेला उरतो तो फक्त सुईवर दिलेला भार. त्यामुळे कलण्याने सुईवर आडवा जोर किती पडेल, तर या भाराच्या एक टक्का. भार 2 ग्रॅम असेल तर 0.02 ग्रॅम. आणि टर्नटेबल अगदी समतल असला तरी खाचेतलं घर्षण आणि आर्मचा वाकडा कोन मिळून सुईला आत ओढतातच. तो जोर भाराच्या दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे 0.2 ग्रॅम. सुईला उलट बाहेर ओढणारी अँटी-स्केटिंगची सोय असते ती त्यासाठी. शिवाय हा जोर एकसारखा नसतो, गाणं चढलं-उतरलं, सुई कडेकडून आत गेली की तोही बदलतो. एका सुताने त्यात पडणारी भर दहाव्या हिश्श्याची. ती काढून टाकावी हे बरोबर, पण तेवढ्याने रेकॉर्ड बाद होत नाही. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या जपणारी घरं आहेत. त्या तबकड्या त्यांच्या काळात चावीच्या ग्रामोफोनवर, सुई धरणाऱ्या, शंभर ग्रॅमहून जड साउंडबॉक्सखाली वाजल्या आणि त्यातल्या काही आजही गातात. भ्यायचंच असेल तर बोथट सुईला भ्या.

मग 0.02 ची लेव्हल. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथ बसवताना ती लागतेच, कारण लेथचा बेड पिळला तर कातलेला जॉब एका टोकाला निमुळता निघतो. पण टर्नटेबलखाली काय होतं ते बघा. साधा छपाईचा कागद 0.1 मिलिमीटर जाड असतो. टर्नटेबलच्या दोन पायांमध्ये 350 मिलिमीटर अंतर धरलं, तर एका पायाखाली कागद सरकवल्यावर मीटरला जवळपास 0.29 मिलिमीटर कल येतो. त्या लेव्हलचं एक घर 0.02 चं, म्हणजे ही चौदाएक घरं झाली, बुडबुडा टोकाला जाऊन चिकटणार. जुन्या वाड्यातल्या माडीवर तर तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकलात तरी तो पळेल. रबरी मॅट कुठे जाड कुठे पातळ असते, एलपीला स्वतःचा बाक असतो. एवढी बारीक लेव्हल तिथे मापत बसते ती मॅटची सुरकुती.

शिवाय ती बिडाची असते. 200 मिलिमीटरची पट्टीसुद्धा किलोच्या वर भरते, आणि हे ओझं स्पिंडलच्या एका बाजूला ठेवावं लागतं, कारण मधोमध स्पिंडल, म्हणजे रेकॉर्डच्या भोकात जाणारी दांडी, उभी असते. ‘मधोमध ठेवा’ लिहिणाऱ्याने ते कधी करून पाहिलंय का, अशी शंका येते. थोरेन्स टीडी 160 किंवा लिन एलपी 12 यांसारख्या स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबलवर तेवढं वजन ठेवलं की एक बाजू दबते आणि आपण त्या दबण्याचंच माप घेतो. आणखी एक धोका फॉरवर्डमध्ये नाही. सुई बसवलेल्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, लोहचुंबक असतं, काहींत चांगलंच जोरदार. बिडाचा तुकडा त्याच्याजवळ नेला आणि सुई खाडकन त्यावर आपटली, तर लेव्हलपेक्षा महाग प्रकरण होईल.

पण खरी चूक पुढच्या वाक्यात आहे: बुडबुडा मधोमध आला की काम फत्ते. पाणसळीतला बुडबुडा दोन गोष्टी एकत्र सांगतो, खालचा पृष्ठभाग किती कललाय आणि पाणसळ स्वतः किती चुकीची आहे. एकदाच वाचून त्यांची फोड करता येत नाही. प्रमाणपत्र असेल तर दुसरी गोष्ट छोटी आहे एवढाच भरवसा, तोही लेव्हल खाली पडेपर्यंत. मात्र टर्नटेबलपाशी आपल्याला एक सोय आयती मिळालेली आहे, ती म्हणजे प्लॅटर फिरतो. वालचंद कॉलेजात सर्व्हेचं प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही विचारा, जमीन मोजायचं थिओडोलाइट यंत्र समतल करताना हेच करतात.

मोटर बंद ठेवा. पाणसळ प्लॅटरवर स्पिंडलच्या एका बाजूला ठेवा, बुडबुड्याची जागा नीट बघून ठेवा. आता पाणसळीला हात न लावता प्लॅटर हाताने अर्धा फेरा फिरवा. बुडबुडा पाणसळीत होता तिथेच राहिला तर प्लॅटरचा आस त्या दिशेत उभा सरळ आहे, मग बुडबुडा मधोमध असो की एका कुशीला. चार रेघा सरकला तर टर्नटेबलचे पाय फिरवून त्याला दोनच रेघा मागे आणा. त्यानंतरही बुडबुडा मधोमध नसेल तर ती पाणसळीची नाहीतर मॅटची चूक, तिला तसंच सोडा. मग पाव फेऱ्यावर हेच पुन्हा. शेवटी प्लॅटर सावकाश पूर्ण फिरवा. बुडबुडा पाणसळीत एकाच जागी बसून राहिला की झालं. मॅटचा उंचवटा, प्लॅटरचा किंचित वाकडेपणा, पाणसळीचा ओबडधोबड तळ, सगळं यात वजा होतं, कारण ते सगळं पाणसळीबरोबरच फिरतं. इथे पाणसळ अचूक असायची गरजच उरत नाही. ती फक्त चपळ हवी आणि एकदा ठेवल्यावर हलायला नको.

वाचताना बुडबुड्याची दोन्ही टोकं बघा. एप्रिलमधल्या सांगलीच्या उन्हाने आतला द्रव फुगतो आणि बुडबुडा आखडतो, डिसेंबरात तो लांबतो. एकाच टोकावर नजर ठेवणारा माणूस ऋतूप्रमाणे वेगळं माप सांगेल.

मोबाईलच्या अ‍ॅपला फॉरवर्डने उगाच झोडलंय. पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन सपाट बसत नाही हे खरं, त्याचा सेन्सरही थोडा चुकतो. पण फेरा फिरवला की या दोन्ही चुका निघून जातात. अंशाचा दहावा भाग दाखवणारं अ‍ॅप एका सुताच्या सहाव्या भागापर्यंत पोहोचतं, ते पुरेसं आहे. स्प्रिंगच्या टर्नटेबलवर मात्र फोन ठेवू नका. तिथे हलकी पाणसळ घ्या, आणि स्पिंडलच्या पलीकडे तेवढ्याच वजनाचं काहीतरी ठेवा. गोल पाणसळ दोन्ही दिशा एकदम दाखवते, थोरेन्सने टीडी 124 मध्ये ती बसवूनच दिली होती. पण बाजारातल्या स्वस्त गोल पाणसळी बहुधा मंद असतात, कल बराच वाढेपर्यंत बुडबुडा जागचा नीट हलतही नाही. ढोबळ जमवाजमव तिने करा, शेवटचा हात पट्टीच्या पाणसळीने फिरवा.

‘आयुष्यात पुन्हा बघायला नको’ हे लिहिणारा कृष्णाकाठचा नसावा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या भिंती-फरश्यांना बरोबर नेते. 2019 च्या पुरानंतर ज्यांनी टर्नटेबल माडीवर नेला असेल, त्यांच्या पायाखाली तर लाकडी तुळया आहेत. रबरी पायही हळूहळू दबतात. दसऱ्याच्या साफसफाईत एकदा प्लॅटर फिरवून बघायला काय जातं?

बारीक लेव्हलचा उपयोग होईल अशी एक जागा मात्र आहे. काही टर्नटेबलांना हवेच्या गादीवर सरळ रेषेत सरकणारा आर्म असतो. तिथे सगळा आर्म आडवा घसरायला मोकळा, त्यामुळे कलाचा जोर सुईवरच्या दोन ग्रॅमांचा न राहता अख्ख्या सरकत्या वजनाचा होतो. असा आर्म असेल तर मीटरला 0.1 मिलिमीटर दाखवणारी लेव्हल समजू शकतो. तुमचा आर्म खुंटीवर फिरणारा असेल, आणि बहुतेकांचा असतोच, तर मीटरला अर्धा ते एक मिलिमीटर भरपूर झाला.

अशी पाणसळ गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळावी. हातभर लांब नको, दहा-पंधरा सेंटिमीटरची, हलकी, सपाट तळाची. चुंबकाची पट्टी लावलेली घेऊ नका, कारण वर सांगितलंच. गल्ल्यावरच्या काचेवर दोन-तीन मांडा, एकेक टोकाकडून टोकाकडे उलटी करून बघा. कोणती बरोबर आहे यापेक्षा हे बघा की खाली कागदाची घडी सरकवली की कोणाचा बुडबुडा लगेच हलतो, आणि घडी काढली की कोणाचा पहिल्या जागी परत येतो. ती घ्या, दुकानदार कितीही हसला तरी.