एमए पब्लिक अ‍ॅड करायचंय? आधी चार दिवस तहसीलमध्ये बसून या

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न असतो, ताई एमए पब्लिक अ‍ॅड करू का, एमपीएससीला फायदा होईल ना? यावेळी तर जरा जास्तच मेसेज आलेत, कारण राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, ऑप्शनल म्हणजे वैकल्पिक विषय आला आणि त्या यादीत लोकप्रशासन, म्हणजे हाच पब्लिक अ‍ॅड, आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथेच लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझं मत सरळ आहे, फक्त परीक्षेसाठी एमए करू नका. ऑप्शनलचे दोन पेपर नीट अभ्यास केला तर डिग्रीशिवाय होतात, दोन वर्षं सेमिस्टर आणि असाइनमेंट करत बसायची गरज नाही. यूपीएससीत हे होऊन गेलंय. 1987 मध्ये हा विषय ऑप्शनल म्हणून आला, मग एक काळ असा होता की जो तो पब्लिक अ‍ॅड, सिलॅबस छोटा, जीएसला (सामान्य अध्ययनाला) मदत वगैरे. 2013 ला दोनऐवजी एकच ऑप्शनल झाला, त्यातला बराच भाग जीएसमध्येच गेला आणि गर्दी ओसरली. आयोगाने उद्या परत काही बदललं तर तुमच्या डिग्रीचं काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

आणि काहीजण सांगायला काहीतरी हवं म्हणून अ‍ॅडमिशन घेतात. हॉस्टेल मिळतं, लायब्ररी मिळते, लग्नकार्यात "सध्या काय करतोस"ला उत्तर मिळतं. त्यांना मी नावं ठेवत नाही, गरज असते ती. पण मग त्यांनीही विषयाला नावं ठेवू नयेत की सगळं रटाळ आहे, पोस्डकॉर्ब (प्रशासनाच्या कामांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द) पाठ करा आणि विसरा.

कारण विषय भारी आहे, खरंच. मी महसूलमध्ये सहायक आहे (कुठल्या तालुक्यात ते विचारू नका, वर्तणूक नियम आहेत), नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून केलं. ऑफिसात एक भाऊसाहेब म्हणाले होते, एवढं शिकून प्रमोशन लवकर मिळणारे का? नाही मिळणार. ते ज्येष्ठतेनं आणि खात्याच्या परीक्षेनंच मिळतं, एमएला कुणी विचारत नाही. पण टेबलावर बसून फ्रेड रिग्ज (विकसनशील देशांच्या प्रशासनावर लिहिणारा अभ्यासक) वाचणं आणि अभ्यासिकेत बसून रिग्ज वाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उदाहरण देते. आपल्याकडे 2005 चा कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध, ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो. त्यात लिहिलंय की कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, तातडीची असेल तर चार दिवस आणि अगदी तात्काळ असेल तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. वाचून हसलात ना? रिग्ज यालाच फॉर्मलिझम म्हणतो, कागदावरचा नियम आणि प्रत्यक्षातलं वागणं यांच्यातलं अंतर, आणि त्याचं म्हणणं असं की ज्या समाजात जुनं आणि नवं एकाच ऑफिसात नांदतं तिथे हे अंतर अपघाताने पडलेलं नसतं, त्यावर कुणाचं तरी पोट चालतं, कुणाची तरी पत चालते. हे त्याने थायलंड, फिलिपिन्स बघून लिहिलं. मी वाचत होते आणि मला आमची आवक-जावक दिसत होती.

किंवा हर्बर्ट सायमन घ्या, 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल. तो म्हणतो, निर्णय घेणाऱ्याकडे पुरेशी माहिती नसते, वेळ नसतो, त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, भागेल इतपत पर्याय सापडला की थांबतो. एप्रिल-मेमध्ये टँकरचे प्रस्ताव बघा. ग्रामपंचायतीचा ठराव येतो, तहसीलदार आणि बीडीओंची (गटविकास अधिकाऱ्यांची) संयुक्त पाहणी होते, कुठल्या वाडीच्या विहिरीत किती पाणी हे एका दुपारच्या भेटीत ठरवायचं असतं आणि मागे बाकीची गावं रांगेत. बाहेरून बघणारा म्हणतो साहेबाने नीट बघितलंच नाही. सायमन वाचलेला माणूस निदान विचारतो, की त्या साहेबाच्या हातात त्या वेळी होतं काय?

आता माझी तक्रार. दोन वर्षांत या विषयाची सुरुवात मानला जाणारा वुड्रो विल्सनचा 1887 चा निबंध चार वेळा भेटला, नोकरशाहीवर लिहिणारा वेबर, कारखान्यातलं काम मोजणारा टेलर, अमेरिकेतली मिनोब्रूक परिषद सगळे भेटले, पण अनिलकुमार लखिना एकदाही नाही. ऐंशीच्या दशकात नगरला कलेक्टर असताना या माणसाने ऑफिसातले कागद कसे लावायचे, कारकुनाने टेबलावर काय ठेवायचं आणि काय नाही, हे मुळापासून बदललं. सहा गठ्ठे पद्धत म्हणतात ती: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायचं आणि नष्ट करायचं. आजही तपासणी आली की आमची रात्रभर गठ्ठे बांधायची धावपळ असते. टेलरने कामाचा जो अभ्यास कारखान्यात केला तसाच काहीसा अभ्यास इथे आपल्या कलेक्टर कचेरीत झाला, आणि आपलेच विद्यार्थी अमेरिकेतल्या कारखान्याची उदाहरणं लिहून पास होतात. वसंतराव नाईक समितीचंही तेच, दोन ओळींत संपवतात. पंचायत राजसाठी नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर भर दिला होता, नाईक समितीने 1961 मध्ये जिल्हा परिषद मजबूत करा म्हणून सांगितलं. का? यावरच एक अख्खं सेमिस्टर होईल!

लघुप्रबंधाबद्दल तर बोलायलाच नको. "74वी घटनादुरुस्ती : एक अभ्यास" (नगरपालिकांबद्दलची ती), अजून एक अभ्यास, अजून एक. अरे, 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होता. तेच ऑफिस, तेच कर्मचारी, तीच कामं, फक्त निवडून आलेले सदस्य गायब. राजकारण आणि प्रशासन वेगळं करता येतं का हा जो विल्सनचा प्रश्न आपण पाठ करतो, त्याचा एवढा मोठा प्रयोग घराशेजारी झाला. त्या काळात कामं पटापट झाली की अडली, गावातला माणूस गाऱ्हाणं घेऊन कुणाकडे गेला, मोजा ना कुणीतरी! सभेची इतिवृत्तं आहेत, मंजुऱ्यांच्या तारखा आहेत, माहिती अधिकारात मागता येतात. माझ्या पाहण्यात तरी असा प्रबंध आलेला नाही. आला असेल तर लिंक टाका, मनापासून वाचेन.

मग करावं कुणी? जो आधीच आत आहे त्याने. ग्रामसेवक, तलाठी, नगरपालिकेतला लिपिक, झेडपीतली मुलं. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमपीए (लोकप्रशासनाचंच एमए) आहे, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, परीक्षा जून आणि डिसेंबरला, नोकरी सांभाळून जमतं, थोडं रडत रडत जमतं पण जमतं. शिकवायचं असेल त्यानेही करा, नेटला (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला) हा स्वतंत्र विषय आहे. फक्त बऱ्याच कॉलेजांत तो राज्यशास्त्राच्या पोटात असतो आणि जागा मोजक्या, हे डोळे उघडे ठेवून. नागपूर विद्यापीठात तर 1949-50 पासून लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्याचा विभाग आहे, म्हणजे आपल्याकडे या विषयाला पंचाहत्तर वर्षं झाली, तरी लोकांना तो एमपीएससीचा गाइड वाटतो.

आणि बाहेरून करणाऱ्यांना एकच सांगते, अ‍ॅडमिशनच्या आधी जवळच्या तहसीलमध्ये चार दिवस नुसते बसा, अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरा. कंटाळा आला तर समजा हा विषय तुमचा नाही. प्रबंधासाठी कुणाला आमच्या रेकॉर्ड रूममध्ये बसायचं असेल तर साहेबांच्या नावाने रीतसर अर्ज द्या आणि मास्क आणा, धूळ भयंकर आहे.