किल्ली डबीत सुरक्षित, पण सही कशावर करताय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: हार्डवेअर वॉलेटमधली (क्रिप्टो सांभाळायच्या छोट्या डिव्हाइसमधली) खाजगी किल्ली, म्हणजे पैसे हलवायचा गुप्त कोड, बाहेर येतच नाही, मग ते नांदेडच्या नेट कॅफेतल्या कम्प्युटरला जोडलं काय आणि घरच्या लॅपटॉपला जोडलं काय, फरक शून्य, 'स्वच्छ कम्प्युटर वापरा' असं सांगून माझ्या लेखात नवख्यांना उगाच घाबरवलं आहे.

किल्लीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. लेजर असो की ट्रेझर (अशा डिव्हाइसच्या दोन कंपन्या), व्यवहार डिव्हाइसमध्ये जातो, सही म्हणजे त्या व्यवहाराला किल्लीनं दिलेली मंजुरी आत होते आणि सही झालेला व्यवहार तेवढा बाहेर येतो. पण चोराला किल्ली लागतेच कुठे? कोणाला किती पाठवायचे हे डिव्हाइसला कम्प्युटरच सांगतो. त्यानं खोटं सांगितलं आणि तुम्ही बटण दाबलं की पैसे गेले, किल्ली मात्र जागेवरच.

सगळ्यात जास्त घात कॉपी-पेस्टमध्ये होतो. क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो तिथे, टपून बसणारे व्हायरस असतात. तुम्ही पत्ता (क्रिप्टोतला खाते क्रमांकच म्हणा) कॉपी करता आणि पेस्ट होतो तो चोराचा. बिटकॉइनचा 'बीसी१क्यू'नं सुरू होणारा नेहमीचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. बहुतेक जण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून ओके करतात, आणि चोर नेमके सुरुवात-शेवट जुळणारे पत्ते आधीच बनवून ठेवतात. म्हणून मधली अक्षरंही वाचायची. डिव्हाइसवरचा पत्ता कम्प्युटरच्या स्क्रीनशी ताडून काही कळत नाही, कारण पेस्ट करतानाच तो बदलला असेल तर दोन्हीकडे चोराचाच पत्ता दिसणार. समोरच्यानं मोबाइलवर पाठवलेला पत्ता मोबाइलवरच उघडा आणि तो डिव्हाइसच्या स्क्रीनशी ताडा. पैसे घ्यायचे असतील तर उलट करा: अ‍ॅपमध्ये 'रिसीव्ह' दाबल्यावर डिव्हाइसच्या स्क्रीनवर जो पत्ता येतो, तो अ‍ॅपमधल्याशी अक्षरन् अक्षर जुळला तरच पुढे पाठवा. मोठी रक्कम असेल तर आधी अगदी थोडी पाठवा, ती पोचल्याची खात्री करा आणि मगच उरलेली पाठवा.

दुसरा धोका इथरियम या क्रिप्टो नेटवर्कवरच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे पैशांचे व्यवहार आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमचा. तिथे कित्येकदा डिव्हाइसवर नाव-रक्कम येतच नाही, नुसती आकड्या-अक्षरांची माळ दिसते. याला 'ब्लाइंड सायनिंग' म्हणतात. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर अंगठा उठवण्यासारखंच ते. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलर गेले. सही करणाऱ्यांच्या कम्प्युटरवर नेहमीचा व्यवहार दिसत होता, सही झाली ती भलत्याच मजकुरावर. हार्डवेअर वॉलेट त्यांच्याकडेही होती, शिवाय एकाहून जास्त सह्यांची अटही होती. सेटिंगमध्ये ब्लाइंड सायनिंग बंद ठेवा. एखाद्या साइटसाठी ते चालू करावंच लागत असेल, तर त्या कामाला वेगळं खातं ठेवा आणि त्यात लागतील तेवढेच पैसे टाका.

आता जोडणीकडे येतो, कारण माणूस फसायला सुरुवात होते ती 'डिव्हाइस सापडत नाही' या तक्रारीपासून. कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. मोबाइलच्या दुकानातली स्वस्त केबल फक्त चार्जिंगची असते. डिव्हाइसचा लाइट लागतो, पण कम्प्युटरला ते दिसत नाही. डिव्हाइसबरोबर आलेलीच केबल वापरा, मधे यूएसबी हब लावू नका, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा. लेजरवर त्या त्या नाण्याचं अ‍ॅप उघडलेलं लागतं, आणि ब्राउझर व अ‍ॅप दोन्ही एकदम डिव्हाइस मागत असतील तर एक बंद करा. लिनक्सवर युडेव्हचे नियम (डिव्हाइस वापरायची परवानगी देणारी सेटिंग) टाकावे लागतात. विंडोजवर वेगळा ड्रायव्हर शोधत बसायची गरज नसते. एवढं माहीत नसलं की माणूस गूगलवर 'ड्रायव्हर' शोधतो, अँटिव्हायरस बंद करतो आणि नको ते उतरवून घेतो. २०२३ मध्ये लेजर लाइव्ह या लेजरच्या अ‍ॅपच्या नावाचं बनावट अ‍ॅप थेट मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये चढलं होतं आणि लोकांचे बिटकॉइन गेले. म्हणून कंपनीच्या साइटचा पत्ता हातानं टाइप करा आणि अ‍ॅप तिथूनच घ्या. जाहिरातीवर क्लिक नको.

फर्मवेअर, म्हणजे डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटबद्दल आपल्याकडे जरा जास्तच जपायला हवं. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अपडेट लावूच नका. चार्ज केलेला लॅपटॉप बरा. अपडेट मध्येच तुटलं तरी डिव्हाइस बहुधा बूटलोडरमध्ये (सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यात) अडकतं आणि पुन्हा करता येतं. पण आतला डेटा पुसला गेलाच तर तुमच्याजवळ फक्त रिकव्हरीचे शब्द उरतात, डिव्हाइस सुरू करताना मिळालेले, ज्यांवरून किल्ली पुन्हा तयार होते. म्हणून २४ शब्दांचा कागद आहे ना, नीट वाचता येतो ना, हे अपडेटच्या आधीच बघून घ्या.

नेट कॅफेत यातली एकही गोष्ट तुमच्या हातात नसते. विंडोज कुठून टाकलंय, क्रोममध्ये कोणती एक्स्टेन्शन्स आहेत, डोक्यावरचा कॅमेरा तुमच्या बोटांवर आहे का, काहीच माहीत नसतं.

तिथे डिव्हाइस जोडलं होतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हे सांगतो. शब्द कुठेही टाइप केले नसतील तर किल्ली सुरक्षित आहे, डिव्हाइस बदलायची गरज नाही. घरी अधिकृत अ‍ॅपमधून डिव्हाइस अस्सल आहे का ते तपासा, पिन बदला. इथरियमवर कोणत्या कॉन्ट्रॅक्टला टोकन काढायची परवानगी दिली गेली आहे ते बघा आणि अनोळखी दिसेल ती रद्द करा. त्यासाठी नेटवर्क फी लागते आणि सहीही डिव्हाइसवरच करावी लागते. पण २४ शब्द त्या कीबोर्डवर टाइप झाले असतील किंवा त्यांचा फोटो काढला असेल, तर पिन बदलून भागणार नाही. जुनेच शब्द घालून डिव्हाइस रीसेट करण्यातही अर्थ नाही, किल्ली तीच राहते. नवे शब्द तयार करा, ते कागदावर दोनदा तपासून लिहा आणि सगळी रक्कम आजच्या आज नव्या पत्त्यावर हलवा.