नंबर सांगायला बाई का कचरते, हे दुकानाच्या मालकांनी समजून घ्यावं

बिल करताना "मोबाईल नंबर सांगा" म्हटलं आणि समोरची बाई गप्प झाली, की आपल्याकडे लगेच तिच्यावर शिक्का बसतो. अडाणी आहे, भित्री आहे, नाहीतर उगाच भाव खाते. मागे एका ओळखीच्या दुकानदारानं मला अगदी मनापासून सांगितलं, "खेड्यातल्या माणसाले काय लपवाचं रायते ताई, इथं तं सारेच एकमेकाले ओयखतेत." मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, पण दुकानवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी, दोघांनीही वाचावी.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल-पिको आणि शिलाई. आजूबाजूच्या गावांतल्या बाया आधी मोठ्या दुकानांतून साड्या घेतात आणि मग मॅचिंगला माझ्याकडे येतात. रंग जुळवता जुळवता बोलणं निघतं. त्यामुळे तिकडच्या काउंटरवर काय झालं ते मला रोज ऐकायला मिळतं.

दिवाळीच्या आधी आलेल्या एकीचं सांगते. लाडकी बहीणचे दीड-दीड हजार तिनं थोडे थोडे बाजूला टाकले होते. त्यातून बहिणीच्या मुलीसाठी साडी घेतली. दुकानात नंबर मागितला, तिनं घरातला एकच पाठ असलेला नंबर सांगितला, तो नवऱ्याचा. बिलाचा मेसेज त्याच्या मोबाईलवर गेला. दुकानाचं नाव, रक्कम, आणि खाली "खरेदीबद्दल धन्यवाद". तो तेव्हा पानटपरीवर चार लोकांत बसलेला. बाई एसटीतून उतरून घरी जाते तोवर तिथं सगळा हिशेब मांडलेला होता. "मी घरी पोचाच्या आंधीच साडीची किंमत घरी पोचली होती ताई," असं ती मला म्हणाली. पैसे तिचे, साडी तिची, देणं-घेणं तिचं. मग तो मेसेज कुणाच्या सोयीसाठी गेला? साडीच्या जागी मेडिकलमधून घेतलेली गोळी असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

शहरात बसून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला वाटतं की एक माणूस म्हणजे एक नंबर. आमच्याकडे एक घर म्हणजे एक नंबर असतो. कधी तो पुण्याला कंपनीत असलेल्या पोराचा असतो, कारण रिचार्ज तोच मारतो. एक म्हातारी माझ्यासमोर एका दुकानात म्हणाली, "नंबर माया नाही बाप्पा, पोराचा होय. त्याले इचारल्याबिगर कसा देऊ?" काउंटरवरचा पोरगा हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं? दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय द्यायची नसते, हे त्या बाईला कळत होतं.

आणि त्या एका नंबरला आज काय काय जोडलेलं आहे ते बघा. बँकेचं खातं, आधार, गॅस, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार, फार्मर आयडी, लाडकी बहीणची ई-केवायसी. गेल्या वर्षी तर ओटीपी येत नाही म्हणून बाया सेतू केंद्रासमोर दिवस दिवस ताटकळल्या. तो नंबर त्यांना तिजोरीच्या किल्लीसारखा वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही.

याहून मोठी गोष्ट मला ओटीपीची वाटते. बँकेत पाटी लावलेली असते, गावात बचत गटाच्या बैठकीत ताई घसा फोडून सांगतात, की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. मग हीच बाई कपड्याच्या दुकानात जाते, आणि तिथला मुलगा म्हणतो, "मावशी, मेसेज आला असेल, त्यातले चार आकडे सांगा." कशासाठी? तर मेंबरशिपचे पॉइंट जमा करायला. तिला इंग्रजी मेसेज वाचता येत नाही, म्हणून ती मोबाईलच त्याच्या हातात देते. तो उघडतो, आकडा बघतो, मशीनमध्ये टाकतो, मोबाईल परत देतो. त्या मुलाच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या बाईला सवय कसली लागली? कुणी गोड बोलून ओटीपी मागितला की सांगायचा, मोबाईल मागितला की द्यायचा. उद्या "बँकेतून बोलतो" म्हणून फोन आला आणि तिच्या खात्यातले कपाशीचे पैसे गेले, तर आपणच म्हणणार की अडाणीपणानं गेले. ही सवय कुठून लागली याचा हिशेब कुणी मागत नाही. (असं कुणाचं झालंच, तर वाट बघत बसू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातातून निसटतात.)

आता नंबर सांगायचा कसा असतो, तेही बघा. बाजाराचा दिवस, काउंटरसमोर रांग, मागे दहा-बारा माणसं. मुलगी हळू आवाजात दोन आकडे सांगते. बिलिंगवाला ते मोठ्यानं परत म्हणतो, कारण पंख्याच्या आणि गाण्याच्या आवाजात त्याला खात्री करून घ्यायची असते. असं करत करत दहाही आकडे अख्ख्या दुकानाला ऐकू जातात. मग नाव विचारतात, तेही मोठ्यानं. वर वाढदिवसाची तारीख. एखाद्या पोट्ट्यानं मागे उभं राहून टिपून घेतलं तर त्याला कोण धरणार?

माझ्या ओळखीच्या एका घरात हेच झालं. बारावीतली मुलगी, आईसोबत ड्रेस घ्यायला गेली होती. आठवड्याच्या आत रात्री व्हॉट्सअॅपवर "हाय" यायला लागले. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. ते मेसेज कुणी केले हे कळलंच नाही. रांगेतला होता की दुकानातला, देव जाणे. भावानं मोबाईल पाहिला आणि पहिला प्रश्न तिलाच केला, "यानं तुलेच काऊन मेसेज केला?" मोबाईल काढून घेतला. क्लासला एकटीनं जाणं बंद झालं. मेसेज करणाऱ्याचं काहीच वाकडं झालं नाही, शिक्षा त्या पोरीनं भोगली. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन समजावलं, तेव्हा कुठे क्लास परत सुरू झाला. मोबाईल मात्र परीक्षा संपेपर्यंत मिळाला नाही.

हे एका घराचं नाही. २०१७ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातली बातमी देशभर गाजली होती. रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर ५० ते ५०० रुपयांना विकले जात होते, आणि भाव मुलीच्या दिसण्यावर ठरत होता. पुढच्याच वर्षी व्होडाफोननं 'सखी' नावानं सोय आणली, म्हणजे बाईला दुकानदाराला स्वतःचा नंबर न सांगता रिचार्ज करता येईल. एवढ्या मोठ्या कंपनीला हा धोका खरा वाटला. आमच्या बायांना वाटला तर तो अडाणीपणा कसा?

सारेच एकमेकाला ओळखतात, म्हणून लपवायचं काय, हा प्रश्न मला म्हणूनच उलटा वाटतो. मुंबईत रांगेतल्या माणसानं नंबर ऐकला, तर तो कुणाचा, कुठल्या घरचा, त्याला माहीत नसतं. इथं मागे उभ्या असलेल्याला मुलीचं नाव, वडिलांचं नाव, घर, कॉलेजची वेळ, सगळं ठाऊक असतं. फक्त नंबर तेवढा माहीत नसतो, आणि तोच आपण त्याला ऐकवतो.

कुणी म्हणेल, पूर्वी किराणा दुकानदाराला घरातली एकूण एक गोष्ट माहीत असायची. खरं आहे. उधारीच्या वहीत आमचं सगळं असायचं. पोळ्याला किती सामान नेलं, सोयाबीन विकल्यावर किती फेडलं, कुणाच्या बाळंतपणाला किती तूप गेलं. पण आम्हालाही त्याचं घर माहीत होतं. त्यानं चार जागी बोललं असतं तर गावानं तोंडावर विचारलं असतं. वही गल्ल्याखाली राहायची. आता नंबर ज्या कॉम्प्युटरमध्ये जातो तो कुठल्या गावी आहे, हे बिलिंगवरच्या पोरालाही माहीत नसतं. विचारणार कुणाला?

आमची माणसं माहिती द्यायला मुळातच नाही म्हणतात, असंही नाही. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, कारण बाकीचा भार सरकार उचलतं, आणि विक्री पॉस मशीनवर नोंदली गेल्यावरच कंपनीला अनुदान मिळतं. म्हणून कृषी केंद्रात शेतकरी आधार देतो, अंगठा लावतो. रेशनला लावतो. बियाण्याच्या बिलावर नाव, गाव, लॉट नंबर लिहून घ्यायचा आग्रह तर शेतकऱ्यानंच धरावा, कारण बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला तेच बिल लागतं. मेडिकलवाल्याला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या एच-वन यादीतल्या औषधांसाठी रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहावंच लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. पंखा, मिक्सर घेतला आणि दुरुस्तीवाला घरी यायचा असेल तर नंबर द्यायलाच हवा. कारण समजलं की लोक देतात. चारशे रुपयांच्या शर्टाला नंबर कशाला, याचं उत्तर मात्र कुणी देत नाही. "सिस्टीम घेत नाही" हे काही उत्तर झालं नाही.

कायद्याचंही सांगते, कारण "सरकारचाच नियम आहे" असं काही दुकानांत ठोकून देतात. असा नियम नाही. जीएसटीमध्ये साध्या गिऱ्हाइकाच्या ५० हजारांच्या आतल्या बिलावर नाव-पत्ताही सक्तीचा नाही, मोबाईल तर दूरच. उलट मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना सांगितलं की नंबर दिला नाही म्हणून विक्री किंवा बिल अडवू नका, ही अनुचित व्यापार प्रथा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि विश्वासानं दिलेली माहिती दुसऱ्याला देणं, दोन्ही अनुचित प्रथांमध्येच येतात. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला, त्यात तर औषधाच्या दुकानाचंच उदाहरण आहे. बाईनं आपणहून नंबर दिला आणि पावती मेसेजवर पाठवा म्हटलं, तर दुकानानं तो पावतीपुरता वापरावा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला पुढे १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहेच. बिल अडवलं तर तिथं तक्रार करता येते.

पण एक विनंती गिऱ्हाइकांनाही आहे. काउंटरवरच्या पोरापोरींवर डाफरू नका. माझी भाची यवतमाळला एका रेडिमेडच्या दुकानात बिलिंगवर आहे. तिथं नंबरच्या रकान्यात तांबडी चांदणी आहे, तो भरल्याशिवाय बिल पुढे सरकतच नाही. संध्याकाळी मॅनेजर ग्रुपवर यादी टाकतो, कुणी किती टक्के बिलांवर नंबर घेतले. खाली राहिलेल्याला सगळ्यांसमोर बोलणी बसतात. पोरी कंटाळून स्वतःचा नंबर टाकायच्या, तर एकच नंबर फार वेळा आला की तेही पकडलं जातं. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, वरून गिऱ्हाईक म्हणतं, "तुले काय करा लागते माया नंबर?" तिला खरंच काही करायचं नसतं. तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. शांतपणे म्हणा, "नंबर देत नाही, बिल द्या," आणि नाहीच झालं तर मालकाला बोलवा. ती चांदणी काढणं त्याच्या हातात आहे, तिच्या नाही.

माझ्या दुकानात मी बिलाला नंबर घेत नाही. शिलाईला घेते, कारण ब्लाउज तयार झाला की कळवावं लागतं. तो शिलाईच्या चिठ्ठीवर लिहिते, तिच्या हातानं लिहायचा असेल तर पेन तिलाच देते, आणि ब्लाउज नेताना चिठ्ठी तिच्यासोबतच जाते. ज्या घरात फोन करायला नको, तिथलं गिऱ्हाईक "मीच येऊन पाहीन" म्हणते. मी चिठ्ठीवर तसंच लिहिते. धंद्याला यानं कधी काही कमी पडलं नाही.

दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, पुसदच्या दुकानदार भावांनो, तुमच्यातले बरेच जण मला ओळखता. या आठवड्यात एवढं करा. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून नंबरची सक्ती काढायला सांगा. ज्याला ऑफरचे मेसेज हवेत त्याला कागदावर लिहू द्या, मोठ्यानं वाचू नका. गिऱ्हाइकाचा मोबाईल हातात घेऊन ओटीपी बघणं आजपासून बंद करा. आणि काउंटरवर पाटी लावा, "नंबर दिला नाही तरी बिल मिळेल." पाटी छापायचा खर्च जड वाटत असेल तर मला सांगा, मी छापून देते.